सहीचा कागद आणि वर्गातला तास

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. शाळेत आरोग्याच्या नावाखाली जे शिकवले जाते, तपासले जाते किंवा खायला दिले जाते, त्याला पालक नकार देऊ शकतात का, असे हे वाचक विचारतात. बहुतेक पत्रे बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागांतून आली असून कारवार आणि भालकी येथूनही एकेक पत्र आहे. पत्रलेखकांची आणि शाळांची नावे वगळली आहेत. मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : माझी मुलगी सरकारी मराठी शाळेत सातवीत शिकते. जूनमध्ये तिने शाळेतून एक छापील कागद आणला आणि बाईंनी सही करून मागितली आहे, असे सांगितले. कागद कन्नडमध्ये होता. आम्हां दोघांनाही बोललेले कन्नड थोडेफार कळते, पण वाचता येत नाही. शाळेचाच कागद आहे म्हणून मी सही केली. पुढे शेजारच्या मुलाने तो वाचून दाखवला, तेव्हा समजले की आरोग्य तपासणी, दर आठवड्याची लोहाची गोळी, जंताची गोळी आणि वयात येणाऱ्या मुलींसाठी मार्गदर्शनाचा तास या चारही गोष्टींना त्या एका सहीने संमती दिली गेली आहे. सासूबाईंना तो तास मुळीच मान्य नाही. मला तास चालेल, पण गोळीची धास्ती वाटते, कारण मागच्या वर्षी गोळी घेतल्यावर मुलीला उलटी झाली होती. दिलेली सही मागे घेता येते का, आणि घेतली तर मुलीला शाळेत त्रास होईल का?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : सासूबाईंना गोळी चालते पण तास नको, आणि आपल्याला तास चालतो पण गोळी नको. याचा अर्थ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या घरात सर्वांना उमगले आहे. ते उमगलेले नाही फक्त कागद तयार करणाऱ्याला. कायद्याची नजरही या बाबतीत आपल्या घरासारखीच आहे. मुलाच्या शरीराला हात लावायचा असेल, सुई टोचायची असेल किंवा औषध पोटात जायचे असेल, तर तेथे पालकांच्या होकाराला वजन आहे. वर्गात फळ्यावर जे शिकवले जाते, त्याला मात्र असा होकार लागत नाही.

पहिल्या भागाविषयी न्यायालय स्पष्ट बोललेले आहे. गोवर-रुबेला लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये ज्या मोजक्या राज्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत कर्नाटक आणि गोवा होते, त्यामुळे आपल्या भागातील पुष्कळ पालकांना ती आठवत असेल. तीच मोहीम दिल्लीत पोहोचली, तेव्हा काही पालक न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की लस कितीही हिताची असली, तरी पालकांना तिची पुरेशी माहिती देऊन त्यांची संमती घेतल्याशिवाय ती शाळेत टोचता येणार नाही. दिल्लीचा निकाल कर्नाटकातील शाळेवर थेट बंधनकारक नाही, हे खरे आहे. पण त्यामागचा विचार गोळीलाही लागू पडतो, आणि पालकांनी लेखी नको म्हटलेले असताना एखाद्या शिक्षकाने मुलीला बळेच गोळी गिळायला लावली, तर त्याला आपल्या बचावासाठी फारसे काही म्हणता येणार नाही.

अधिकार आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे, असे मात्र मी सुचवणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. लोहाची निळी गोळी आहे ती यासाठी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती उपाशीपोटी घेतली तर मळमळते, क्वचित उलटीही होते, म्हणूनच ती दुपारच्या जेवणानंतर द्यावी असा दंडक आहे. शौचास काळे होते, त्याने घाबरायचे कारण नाही. जंताची गोळी वेगळी. ती ४०० मिलिग्रॅम अल्बेंडॅझोलची असून चावून खायची असते, आणि पोटात जंत फार असतील तर ती घेतल्यावर काही वेळ पोटात दुखते किंवा उलटी होते. आजारी असलेल्या किंवा दुसरे औषध चालू असलेल्या मुलाला त्या दिवशी ही गोळी देऊ नये, असे मोहिमेच्या सूचनांमध्येच म्हटले आहे. राहिलेल्या मुलांसाठी नंतर वेगळा दिवस ठेवलेला असतो. मागच्या वर्षी मुलीला कोणत्या गोळीने उलटी झाली आणि तेव्हा ती जेवलेली होती का, हे तिला विचारा आणि मग प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी बोला. घराण्यात थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर लोह देण्यापूर्वी हे बोलणे टाळू नका.

आता सासूबाईंच्या हरकतीकडे वळू. आयुष्मान भारत योजनेखालील शालेय आरोग्य कार्यक्रम २०२० मध्ये सुरू झाला. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, प्रशिक्षण देऊन त्यांनी सहावीपासूनच्या मुलांना दर आठवड्याला शिकवावे, अशी त्याची मांडणी आहे. त्यात अकरा विषय आहेत. सकस आहार, स्वच्छता, मनाचे आरोग्य, व्यसनांपासून दूर राहणे, मोबाईल आणि इंटरनेटचा जपून वापर, हिंसेपासून बचाव, अशी ती यादी असून वयात येण्याचा आणि प्रजनन आरोग्याचा भाग तिच्यातील एक-दोन विषयांपुरता आहे. हे सासूबाईंना कोणी सांगितलेलेच नसणार. त्यांच्या लहानपणी मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवत, गल्लीतल्या बायका ओटी भरायला येत आणि गोडाचे जेवण होत असे. म्हणजे विषय झाकून ठेवण्यासारखा नव्हताच, फक्त ज्या मुलीला मखरात बसवले तिला आपल्या शरीरात काय होत आहे हे कोणी समजावत नसे. तास नेमका तेवढेच काम करतो. शाळेत जाऊन बाईंकडील पुस्तिका पाहायला मागा आणि शक्य असल्यास सासूबाईंनाही सोबत न्या. ती पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे. तासातून मुलीला काढून घेण्याचा अधिकार मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेला मला आढळलेला नाही.

राहिला कागद, आणि आपल्या पत्रातला सर्वांत गंभीर मुद्दा तोच आहे. ज्याला वाचता येत नाही त्याने केलेली सही ही सही असेल, पण तिला संमती म्हणता येणार नाही. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेच्या वेळी केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांसाठी ज्या सुरक्षा तरतुदी मान्य केल्या, त्यांत जिल्ह्यात किंवा तालुक्यात ज्यांचे प्रमाण निदान १५ टक्के आहे अशा लोकांच्या भाषेत महत्त्वाचे नियम आणि सूचना प्रसिद्ध कराव्यात, असे म्हटले आहे. खानापूर तालुक्यात मराठी भाषकांचे प्रमाण त्याहून कितीतरी अधिक आहे. सीमाभागात ही मागणी सातबारापासून बसच्या पाटीपर्यंत अनेक कागदांसाठी झाली आहे आणि प्रत्येक वेळी तिला राजकारणाचा वास लागतो. पण मुलांची पाठ्यपुस्तके कर्नाटक सरकारच मराठीत छापते; मग त्याच मुलीच्या आईला द्यायचा कागद मराठीत काढण्यात कोणाचाही मानभंग होण्याचे कारण नाही. शाळा विकास व देखरेख समितीत, म्हणजे आपण ज्याला एसडीएमसी म्हणतो तीत, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या स्त्रिया. पुढच्या बैठकीत हा एक ठराव करून घ्या की आरोग्याविषयीचा प्रत्येक कागद मराठीतही यावा आणि त्यात तपासणी, प्रत्येक गोळी व लस यांसाठी सहीची जागा वेगवेगळी असावी.

सही मागे घेण्यासाठी वकील लागत नाही. मुख्याध्यापकांच्या नावाने साध्या मराठीत लिहा : "जून महिन्यात मी ज्या कागदावर सही केली तो मला वाचता आला नव्हता. माझ्या मुलीच्या आरोग्य तपासणीस आणि मार्गदर्शनाच्या तासास माझी हरकत नाही. डॉक्टरांचा सल्ला मिळेपर्यंत तिला कोणतीही गोळी देऊ नये." दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. मुलीला त्रास होण्याच्या भीतीविषयी सांगायचे, तर आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि त्याचा शारीरिक वा मानसिक छळ करता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याची कलमे १६ आणि १७ सांगतात. वर्गासमोर "हिच्या आईने नको म्हटले आहे" असे हिणवणे हाही मानसिक छळच आहे. तसे घडले तर आधी मुख्याध्यापक आणि मग बीईओ, म्हणजे तालुक्याचे शिक्षणाधिकारी, हा क्रम ठेवा.

प्रश्न : आठवीपासून लैंगिक शिक्षण सुरू करण्याची घोषणा राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी २०२५ मध्ये केल्याचे वाचले. माझा मुलगा आठवीत आहे. तिसरीतल्या मुलीच्या शाळेत तर 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा कार्यक्रम झालासुद्धा, आणि आम्हांला आधी कोणी विचारले नाही. माझे चुलत बंधू इंग्लंडमध्ये असतात. तेथे पालक अर्ज करून मुलाला अशा तासातून काढून घेऊ शकतात. मुलाने कोणत्या माध्यमातून शिकावे हे पालकांनी ठरवायचे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याच्या खटल्यात दिलेला आहे. मग मुलाने काय शिकू नये हे ठरवण्याचा अधिकार आम्हांला का नसावा?
— एक पालक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपला युक्तिवाद नेटका आहे, म्हणून त्याच क्रमाने उत्तर देतो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळेत मातृभाषेची सक्ती करणारा कर्नाटक सरकारचा आदेश अमान्य केला आणि माध्यमाची निवड मुलाच्या वतीने पालकांनी करायची, असे म्हटले. त्या निकालाने दार निवडण्याचे स्वातंत्र्य दिले. आत गेल्यावर कोणते पाठ ऐकायचे हे घरोघरी ठरवण्याचे नव्हे. राज्यघटनेत शाळेतील शिक्षणातून मूल बाजूला ठेवण्याचा स्पष्ट अधिकार एकाच ठिकाणी आहे. अनुच्छेद २८च्या तिसऱ्या खंडानुसार, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना असेल, तर पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला तीत सहभागी करून घेता येत नाही. आरोग्याचा तास धार्मिक शिक्षण ठरत नाही. केरळमधील तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल १९८५ मध्ये शाळेतून काढले गेले आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले, हा दाखलाही कधीकधी दिला जातो. पण ती मुले राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभी राहत होती. गाण्याची कृती त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हती, एवढ्यापुरतीच त्यांना मोकळीक मिळाली. ऐकण्यातून किंवा जाणून घेण्यातून मोकळीक मिळाल्याचा दाखला तो होत नाही.

इंग्लंडमधील बंधूंनी सांगितले ते खरे आहे, पण अपुरे आहे. तेथे सप्टेंबर २०२०पासून हा विषय शाळांना अनिवार्य झाला आणि लैंगिक शिक्षणाच्या भागातून मुलाला वगळण्याची विनंती पालक करू शकतात. नातेसंबंधांचे शिक्षण, आरोग्य शिक्षण आणि विज्ञान यांतून मात्र वगळता येत नाही, आणि वयात येण्याचे बदल तेथे आरोग्य शिक्षणातच येतात. शिवाय मूल सोळा वर्षांचे होण्याच्या तीन सत्रे आधीपासून त्याला स्वतःला तासाला बसायचे असेल, तर आईवडिलांची विनंती बाजूला राहते. अमेरिकेत जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँड राज्यातील काही धर्मनिष्ठ पालकांच्या बाजूने कौल दिला, परंतु तो वाद लहान मुलांना वाचून दाखवल्या जाणाऱ्या गोष्टींच्या पुस्तकांचा होता आणि आधारही धर्मस्वातंत्र्याचाच होता. याच्या उलट, डेन्मार्कमधील पालकांची सक्तीच्या लैंगिक शिक्षणाविरुद्धची तक्रार युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९७६ मध्येच फेटाळली. माहिती वस्तुनिष्ठपणे दिली जात असेल आणि विशिष्ट मत मुलांच्या माथी मारले जात नसेल, तर पालकांच्या श्रद्धेचा भंग होत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. मला ही कसोटी उपयोगाची वाटते. आपणही शाळेला हेच विचारावे की बोलणार कोण, पुस्तिका कोणती, मुलगे आणि मुली एकत्र बसणार की वेगळ्या, आणि प्रश्न विचारायला वेळ आहे का.

हा विरोध अडाणीपणाचा आहे, असे मी मानत नाही. २००५च्या सुमारास केंद्राने आणलेला किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम २००७ मध्ये अनेक राज्यांनी थांबवला, आणि त्यांत कर्नाटकही होते आणि महाराष्ट्रही. सीमाप्रश्नावर आजवर न जुळलेली ही दोन राज्ये त्या वर्षी या एका बाबतीत मात्र जुळली. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांतील लैंगिक शिक्षणाविरुद्ध अहवाल दिला. त्या काळातील काही चित्रे आणि तक्ते खरोखरच मुलांच्या वयाचा विचार न करता काढलेले होते. परंतु बेळगाव आणि बागलकोट हे त्याच काळात एचआयव्हीचा प्रादुर्भाव अधिक असलेल्या जिल्ह्यांत मोजले जात होते; ज्या जिल्ह्यांना त्या माहितीची सर्वांत जास्त गरज होती, तेथील शाळांतही पुस्तके कपाटात गेली.

आता तिसरीतल्या मुलीविषयी, आणि येथे मी थोडा कठोर होणार आहे. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हे लैंगिक शिक्षण नाही. ते रस्ता ओलांडायला शिकवण्यासारखे आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२चा पोक्सो कायदा आणि त्याखालील २०२०चे नियम यांनुसार मुलांना स्वतःच्या सुरक्षिततेविषयी वयानुरूप शिक्षण देण्याची तजवीज करणे हे सरकारचे काम आहे. अशा गुन्ह्यांत बहुतेक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो : शेजारी, नातेवाईक, शिकवणीचे सर, कधी घरातलाच माणूस. म्हणून या एका तासातून मूल वगळण्याचा अधिकार घराकडे असू नये, कारण तो अधिकार ज्याच्या हातात जाईल त्याच्यापासूनच एखाद्या मुलीला वाचायचे असू शकते. आपल्या घराविषयी मी असे मुळीच म्हणत नाही. पण नियम सर्व घरांसाठी असतो. आपल्याला आधी कळवले नाही ही तक्रार मात्र रास्त आहे. मुलगी घरी आल्यावर काय सांगेल आणि तिला काय उत्तर द्यावे, हे पालकांना आधी माहीत असेल तर त्या तासाचा उपयोग दुप्पट होतो, आणि म्हणून शाळेने पालकांची सभा आधी घ्यायला हवी होती. मुलांकडून १०९८ हा बालकांच्या मदतीचा फोन क्रमांक पाठ करून घ्या. हेही लक्षात असू द्या की एखाद्या मुलाने शिक्षकांना काही सांगितले, तर ती माहिती पोलिसांपर्यंत पोहोचवणे त्यांना पोक्सोच्या कलम १९ने बंधनकारक आहे. घरच्यांनी "राहू द्या" म्हटले तरी त्यांना गप्प राहता येत नाही.

मुलाच्या बाबतीत एवढे सांगतो की दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा असतो आणि एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला, त्यावर प्रश्न येतात. त्यातून सुटका मागणे म्हणजे गुण सोडणे होय. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतांशी उलट्या असतात : हा धडा "घरी वाचून घ्या" असे सांगून सर पुढच्या धड्याकडे वळतात. ज्या भाषेत र. धों. कर्व्यांनी १९२७पासून पंचवीस वर्षांहून अधिक काळ केवळ याच विषयाला वाहिलेले मासिक चालवले, खटले आणि दंड सोसले, त्या भाषेतल्या शिक्षकाला वर्गात 'गर्भाशय' म्हणताना घाम फुटावा, ही गंमत नाही.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्या तंबाखू आहे. थोडी शेती, थोडा व्यापार आणि पूर्वी विड्यांचाही धंदा होता. माझा नववीतला मुलगा शाळेतून येतो आणि आजोबांना "तुम्ही विष विकता" असे म्हणतो. शाळेत कर्करोगाची चित्रे दाखवून शपथ घ्यायला लावली. आमच्या पोटावर बोलणाऱ्या अशा तासाला मुलाला न पाठवण्याचा हक्क आम्हांला आहे का?
— एक व्यापारी, निपाणी

उत्तर : तासाला न पाठवण्याचा हक्क नाही. शपथेचा विचार मात्र वेगळा आहे. वर्गात बसणे आणि हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणणे यांत फरक असून, ज्या मुलाच्या मनाला ती पटत नाही त्याला गप्प उभे राहू द्यावे, एवढी विनंती आपण करू शकता आणि समजूतदार मुख्याध्यापक ती मानतील.

या तासामागे कायदाही आहे. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री आणि अठरा वर्षांखालील कोणालाही विक्री बंद केली, आणि कर्नाटकात २०२५ मध्ये ही वयोमर्यादा एकवीस वर्षांवर गेली. बालन्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे आजोबांसाठी पुडी आणायला नातवाला पाठवणे हीसुद्धा जपून करण्याची गोष्ट झाली.

तरीही आपल्या पत्रातील दुखणे मला खरे वाटते. १९८१चे निपाणीच्या शेतकऱ्यांचे तंबाखू आंदोलन ज्यांनी पाहिले, त्यांना या पिकामागे किती घाम आणि रक्त आहे हे सांगावे लागत नाही. वर्गातील निम्मी मुले ज्या पिकावर जेवतात, त्याच्याविषयी शिकवताना शिक्षकाने बेंगळुरूहून आलेला तक्ता जसाच्या तसा वाचून दाखवणे हा आळस आहे. निपाणीच्या शाळेत हा धडा वेगळ्या जागेपासून सुरू व्हायला हवा. पहाटे ओल्या पानांत काम केल्यावर डोके दुखते, गरगरते, उलटी होते, हे तंबाखूच्या रानात राबणाऱ्यांना नवे नाही. ओल्या पानातील निकोटिन कातडीतून शरीरात गेल्याने तसे होते, आणि लांब बाह्यांचे कपडे व हातमोजे वापरले, दव सुकल्यावर काम केले, तर ते टळते. वखारीतील धुळीने विडी कामगार बायकांना होणारा खोकला हाही त्याच धड्याचा भाग आहे. असा तास झाला असता, तर आपल्या मुलाने घरी येऊन आजोबांना विष विकल्याबद्दल बोल लावण्याऐवजी त्यांच्यासाठी हातमोजे मागितले असते. एसडीएमसीच्या बैठकीत जाऊन हे बोला. तासाला विरोध करायला गेलात तर कोणी ऐकणार नाही, पण तास आपल्या गावाचा करा म्हणून गेलात तर ऐकतील.

प्रश्न : आमच्याकडे मासे चालतात पण अंडे चालत नाही, असे सांगितले की शाळेत सगळे हसतात. दुपारच्या जेवणात अंडे नको असल्यास पालकांनी लेखी अर्ज द्यावा लागतो का?
— एक आई, कारवार

उत्तर : हसू द्या, घराघराची रीत वेगळी असते. अक्षर दासोहच्या, म्हणजे कर्नाटकातील शाळेच्या दुपारच्या जेवण योजनेच्या, ताटात अंडे देण्यास २०२१च्या अखेरीस काही जिल्ह्यांत सुरुवात झाली, तेव्हा काही मठांनी त्याला विरोध केला होता. त्यातून निघालेली वाट साधी आहे : अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे मिळते. आता अंडे आठवड्यातून सहा दिवस देण्याची योजना आहे, तीतही ही निवड कायम आहे. कागद मागितलाच तर दोन ओळी लिहून द्या. आरोग्याच्या सर्व योजनांत नको म्हणण्याची सर्वांत चांगली सोय मला हीच वाटते, कारण नको म्हणणाऱ्याच्या ताटातही काहीतरी पडते आणि त्याला रांगेतून बाजूला काढले जात नाही.

प्रश्न : मुलगा आणि सून पुण्याला कामावर असतात. दोन्ही नातवंडे माझ्याजवळ राहून शिकतात. तपासणीच्या कागदावर आईवडिलांचीच सही पाहिजे, असे शाळा म्हणते. मी अंगठा दिला तर चालतो का?
— एक आजी, भालकी

उत्तर : चालतो. शिक्षण हक्क कायद्याने पालक या शब्दात, ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे अशी व्यक्तीही धरली आहे. तरीही मुलाकडून एकदाच, "माझ्या गैरहजेरीत माझ्या आईने दिलेली संमती ग्राह्य धरावी" असे पत्र आणि त्याचा फोन क्रमांक शाळेत देऊन ठेवा, म्हणजे दर वेळी अडणार नाही. अंगठा देण्यापूर्वी कागद शिक्षकांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि वाचणाऱ्याने खाली "वाचून दाखवले" असे लिहून सही करावी असा आग्रह धरा. नातवंडांपैकी कोणाला पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठले असेल किंवा फिट येत असेल, तर तेही त्याच कागदावर लिहून घ्या. तपासणीचे पथक सरकारी शाळेत वर्षातून एकदाच येते आणि त्यांना ते दुसरीकडून कळण्याची सोय नसते.